नाकारणाऱ्याचं नाव

सिंदी (रेल्वे)
रविवार, १९ जानेवारी २०२५

चिरंजीव निशांत,

तिळगुळाचा डबा आणि त्यात ठेवलेली तुझी निमंत्रणपत्रिका, दोन्ही पोचलं. डबा तुझ्या मोठीआईनं ताब्यात घेतला, पत्रिका मी. ती ठणठणीत आहे. मीही आहे. फक्त तिचं म्हणणं असं, की कॉलेजातून निवृत्त झाल्यापासून माझा आवाज काही घराच्या मापाचा झालेला नाही. तुझ्या आईचा गुडघा कसा आहे ते कळव.

पत्रिका तीनदा वाचली. वाहन-वीज दुरुस्ती प्रशिक्षण वर्ग, कारंजा (घाडगे). ट्रकची बॅटरी, सेल्फ, वायरिंग, सगळं सहा महिन्यांत शिकवणार. पहिल्या तुकडीत बारा जण, त्यात गुंजन नावाची एक मुलगी. चाळीस वर्षं मी या जिल्ह्यातल्या बेकारीवर भाषणं देतो आहे. गिरणीच्या दारात दिली, बाजार समितीच्या आवारात दिली, टाळ्या घेतल्या, हार घेतले. त्या सगळ्या भाषणांतून बारा माणसांना काम लागलं असेल असं मला छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. तुझा बाप, माझा धाकटा भाऊ, आज असता तर सगळ्या सिंदीभर पत्रिका दाखवत फिरला असता. त्याच्या वाटणीचं मी फिरतो आहे.

सोबतची चिठ्ठी मोठीआईनं मोठ्यानं वाचली. ‘मोठेबाबा, फीत तुम्हीच कापाची. भाषणही तुम्हीच कराचं. मले चार लोकांपुढे बोलता येत नाई, हे तुमच्यापेक्षा जास्त कोणाले माहीत?’

वाचून म्हणाली, “घ्या! घशाले काम लागलं.”

येतो म्हणून मी तुला लगेच फोन केला होताच. त्या शेवटच्या वाक्याबद्दल मात्र फोनवर काही बोललो नाही.

आता इकडची बातमी. आम्हा निवृत्त शिक्षकांच्या मंडळानं रोजगाराची पाहणी हाती घेतली आहे. सिंदी, नाचणगाव आणि तुमचं कारंजा, मिळून चारशे घरं. घरोघर जायचं, कोण काय काम करतो ते लिहायचं. प्रश्नांचा तक्ता मी तयार केला. सोळा रकाने आहेत, आणि प्रत्येकासाठी मी मंडळात भांडलो आहे.

सिंदीची घरं संपत आली. आपल्या पलीकडच्या गल्लीतला तानबा माहीत आहे ना, जिनिंगमध्ये हमाली करायचा तो? त्याच्या ओट्यावर बसून विचारलं, “मुलगा काय करतो?”

“अभ्यास.”

“वय?”

“एकतीस.”

“किती वर्षांपासून अभ्यास करतो आहे?”

“आता मास्तर, ते तुमीच सांगा. तुमच्याच अभ्यासिकेत बसून राह्यला तो. मले काऊन विचारता?”

सोबतचे दोघे शिक्षक वहीत तोंड खुपसून हसले. मी ‘विद्यार्थी’ असं लिहिलं. मग तो शब्द खोडला, कारण एकतीस वर्षांच्या माणसाला विद्यार्थी म्हटलं की तो बेकारांच्या मोजणीतून अलगद सुटतो आणि जिल्हा कागदावर सुखी दिसतो. एकट्या सिंदीत असे तेवीस निघाले. त्यातले अकरा स्पर्धा परीक्षांसाठी माझ्या अभ्यासिकेत बसून गेलेले.

दुसरीकडे, जिनिंगवाले म्हणतात माणूस मिळत नाही, कामगार परप्रांतातून आणावे लागतात. कापूस वेचायला बाया मिळत नाहीत म्हणून शेतकरी चार गावं पलीकडून ऑटो भरून आणतो. एकाच गल्लीत काम माणसाला शोधतं आहे आणि माणूस कामाला, आणि दोघांची गाठ पडत नाही. मी समजत होतो, गिरणी गेली, कापसाचा धंदा चार महिन्यांवर आला, आता इथं काही उरलं नाही. तसं नाही. पोरी दवाखान्यांत नोकरी करतात, पोरं पार्सलं पोचवतात, गोदामं सांभाळतात, महामार्गावर ट्रक दुरुस्त करतात. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर वाढलं आणि माझ्या एकाही भाषणात आलं नाही. अडुसष्टाव्या वर्षी आपलं चुकलं हे कळण्यात एक मजा असते, हे मला ठाऊक नव्हतं. सकाळी पोळी-भाजीचा डबा घेऊन निघतो आणि पोरासारखा उड्या मारत परततो.

माझा लाडका रकाना चौदावा. ‘गेल्या दहा वर्षांत आलेलं काम नाकारलं का? नाकारण्याचं कारण काय?’ आमची पोरं कामाला नाही म्हणत नाहीत, कामच नसतं, असं मी कित्येक व्यासपीठांवरून गरजलो आहे. हा रकाना कोरा राहणार अशी माझी खात्री होती. तो भरतो आहे.

तुझी बुटीबोरीची ती मुलाखत आठवते का? असो. ते भेटीत बोलू.

भाषणाची टिपणं काढायला घेतो.

तुझा,
मोठेबाबा


सिंदी (रेल्वे)
गुरुवार, ३० जानेवारी २०२५

चिरंजीव निशांत,

काल तुझा फोन आला, मंडप किती मोठा घालू म्हणून. मी हो-हो म्हणत राहिलो आणि लवकर ठेवला. तुला वाटलं असेल, तब्येत बरी नाही. तब्येत उत्तम आहे. फोनवर मी बोलायला लागलो की त्याचं भाषण होतं, आणि भाषणात माणूस स्वतःला सोडून सगळ्यांना दोषी ठरवू शकतो. म्हणून लिहितो आहे.

सोमवारी नाचणगावला गेलो होतो. तिथं गुलाबबाई म्हणून एक आहेत, रोजंदारीनं शेतात जातात. मुलगा घरीच. चौदाव्या रकान्याशी आलो.

“कधी काम आलं होतं का? नाकारलं का?”

“आलतं जी. पुलगावच्या दुकानात.”

“मुलानं नाही का म्हटलं?”

“त्यानं कुठं नाई म्हटलं? त्याच्या मामानं म्हटलं. आमचा भाचा दुकानात उभा नाई राह्यणार म्हणे. पोराले विचारलंच नाई कोणी. आता तुमच्या कागदावर काय लिहाचं ते लिहा.”

माझ्या कागदावर ते लिहायला जागा नव्हती. मंडळाशी भांडून केलेल्या तक्त्यात मी गृहीत धरलं होतं, की ज्याचं काम तोच नाकारतो. अर्थशास्त्र शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला हे सुचलं नाही असं नाही. सुचू दिलं नाही. तिथंच कडेला मी हातानं सतरावा रकाना आखला आणि वर लिहिलं, ‘नाकारणाऱ्याचं नाव’. गुलाबबाईंच्या भावाचं नाव त्यात पहिलं गेलं.

दुसरं माझं आहे.

२०१७ चा फेब्रुवारी. अभ्यासिकेत शिरताना सगळ्यांनी आपापले फोन दाराजवळच्या पेटीत ठेवायचे आणि संध्याकाळी न्यायचे, हा माझाच नियम. किल्ली माझ्याकडे. तू बुटीबोरीच्या त्या छोट्या कारखान्यात मुलाखत देऊन आलास त्याला आठवडा झाला होता. पूर्वपरीक्षेला दीड महिना होता. दुपारी पेटीत तुझा फोन वाजला, थांबला, पुन्हा वाजला. मी पेटी उघडून उचलला.

कारखान्याच्या ऑफिसातली एक मुलगी होती. तुझी निवड झाली होती. विजेच्या देखभालीचं काम, सोमवारी रुजू व्हायचं. सुरुवातीला अकरा महिन्यांचा करार.

करार हा शब्द ऐकला आणि माझं डोकं तापलं. मी तिला म्हटलं, मी त्याचा मोठेबाबा बोलतो, बाप नाही त्याला, मीच बाप. तो अधिकारी होणार आहे. अकरा महिन्यांची गुलामी तुमच्याकडेच ठेवा. मग कंत्राटी कामगार, कायदा, पिळवणूक, सगळं. चार मिनिटं बोललो. पुन्हा फोन करू नका, असंही सांगितलं. त्यांनी केला नाही. त्यानंतर तुझ्या फोनच्या यादीतून मी तो नंबर पुसला. निशांत, रागात माणूस बोलून जातो हे मी समजू शकतो. पुसताना मी रागात नव्हतो.

त्यानंतर महिनाभर रोज संध्याकाळी पेटीतून फोन घेतलास की तू आधी कोणाकोणाचे फोन येऊन गेले ते पाहायचास. एकदा मला विचारलंस, “मोठेबाबा, माह्यासाठी फोन नाई आला जी?” मी म्हटलं, आता परीक्षेकडे लक्ष दे. त्यावर तू म्हणालास, “मुलाखतीत मी कमी पडलो असन. मले बोलताच येत नाई.” मी तेव्हाही गप्प राहिलो. आयुष्यात गप्प राहण्याचे माझे प्रसंग फार थोडे, आणि त्यातला हा एक.

पुढचं तुला माहीत आहे. ती परीक्षा गेली, पुढची गेली, २०१९ ला तू अभ्यासिका सोडलीस आणि कारंज्याला सरदारजी मिस्त्रींच्या हाताखाली ट्रकचं वायरिंग शिकायला लागलास. मी वर्षभर तुझ्याशी बोललो नाही. जगाला वाटलं, पुतण्यानं पुस्तकं टाकली म्हणून मास्तर रुसले. तुझ्याकडे पाहणं मला जमत नव्हतं, एवढंच त्यात खरं.

कंत्राटी नोकरीबद्दलचं माझं मत आजही तेच आहे. अकरा महिन्यांनी माणसाला हाकलून बाराव्या महिन्यात पुन्हा बोलावणं हा अन्याय आहे, आणि मरेपर्यंत मी तसं म्हणणार. पण तो अन्याय पत्करायचा की नाही हे तू ठरवायला हवं होतंस. माझ्या मताची किंमत मी तुला भरायला लावली.

नाचणगावहून परतल्यावर मोठीआईला सांगितलं. आठ वर्षांत पहिल्यांदा. ती गहू निवडत होती.

“चार मिनिटं?” म्हणाली. “आन त्या पोरीनं ऐकून घेतलं?”

मी मान हलवली.

“त्या मुलाखतीनंतर तो पोरगा सहा महिने न्हाणीत दार लावून एकटा बोलून पाहे. नाव सांगे, शिक्षण सांगे, अडला का पुन्हा पयल्यापासून. मी बाहेरून ऐकत होती. मले वाटे, पाठांतर करून राह्यला.” मग ताट बाजूला सारलं. “त्याले तुमी सांगा. मी नाई सांगणार. अन् आज मले काई विचारू नका.”

आज सकाळी म्हणाली, “लिवलं का?” तेवढंच.

आता नऊ तारखेच्या उद्घाटनाचं. पत्रिकेवर माझं नाव छापून गेलं आहे, पण छापलेलं नाव खोडता येतं. फीत तुझा भागीदार हेमराज कापू शकेल, किंवा गुंजन कापू दे, ते तर मला जास्त आवडेल. येऊ नका म्हणालास तर मी येणार नाही, आणि तुझ्या मोठीआईला वर्ध्याला गाडी बदलून कारंज्याच्या एस.टी.त बसवून देईन. ती येणारच आहे, तिला तू नाही म्हणू शकत नाहीस. या म्हणालास तर येईन आणि समोर लोकांत बसेन. भाषण मी करणार नाही. काढलेली टिपणं ठेवून दिली आहेत.

तुला वाटेल, मी शिक्षा म्हणून गप्प बसतो आहे. तसं नाही. इतकी घरं फिरल्यापासून मी कधी नव्हे इतका आनंदात आहे. हा जिल्हा मेलेला नाही हे मला माझ्या पायांनी कळलं, आणि तो जिवंत ठेवणाऱ्यांत माझ्या घरचा एक आहे. बारा जणांना काय सांगायचं ते त्यांना शिकवणाऱ्यानंच सांगावं, एवढंच मला वाटतं.

आणि तुला बोलता येतं. हे मी मोठेपणानं देत असलेलं प्रोत्साहन नाही, मला मिळालेली माहिती आहे. त्या दिवशी मी भडकण्याच्या आधी ती मुलगी म्हणाली होती, “सतरा जणांनी मुलाखत दिली सर, पण आमच्या साहेबांना यांचंच बोलणं आवडलं. फार साधं आणि मुद्द्याचं बोलतात, म्हणाले.” हे शब्द तुझ्यासाठी आले होते. आठ वर्षं ते माझ्याकडे राहिले.

तुझ्या नावानं ज्यानं नाही म्हटलं तो,
तुझा मोठेबाबा
पुंडलिक