टेकडीच्या वाट्याचं कोकरू

१३ मे

पोचलो एकदाचे हेन्द्रेला, आमच्या नव्या शेतावर! कोंबड्या, आईने दिलेलं ताटांचं कपाट, मोत कुत्रा आणि गेथिनचं बेसूर गाणं, असा सगळा लवाजमा. ताट एकही फुटलं नाही. पोटातल्यानेही गाडीचे धक्के गुमान सोसले. लहानपणापासून दुसऱ्यांच्या शेतांवर राबलेल्या माझ्या नवऱ्याच्या हाती आज पहिल्यांदा, भाड्याच्या का होईना, स्वतःच्या घराची किल्ली आली, म्हणून गाण्याबद्दल मी काही बोलले नाही.

घर बुटकं, पाटीच्या दगडाच्या छपराचं. मागच्या दारातून निघालं की फाटक, आणि फाटकापलीकडे थेट मोएल वारुग चढायला लागते. नुसती हिरवी, वर बोडकी टेकडी. माझ्या माहेरी बंदरावर समुद्र असतो तशी इथे ही, जिकडे पाहावं तिकडे.

चुलीला जाळ लागतोय तोच शेजारच्या हावोद शेतावरून मार्गेद मनुकांचा पाव घेऊन हजर झाली. साठीची असेल, भाऊ इद्वलबरोबर राहते, दोघांनीही लग्न केलेलं नाही. पोटाकडे पाहून विचारलं, केव्हा? म्हटलं, ऑक्टोबरात. मग म्हणाली, बंदरावरच्या पोरींना मासे कळतात, मेंढ्या कळतील का? मी म्हटलं, मासे चावत नाहीत आणि मेंढ्याही चावत नाहीत, फक्त शेजारणींचं सांगता येत नाही. अशी खळखळून हसली की आमची गट्टीच जमली.

२४ मे

इथे वर कुंपण नाही, भिंत नाही. मेंढ्या घराबरोबर येतात. भाडेकरू बदलतात, कळप तोच राहतो. प्रत्येक मेंढीला आपला उतार ठाऊक असतो आणि ती तो कोकराला शिकवते, कोकरू पुढे आपल्या कोकराला. गेथिन सांगत होता, आधीच्या भाडेकरूने एक म्हातारी मेंढी पार नदीपलीकडे विकली, तर ती पोहून परत आली. बोलताना त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मी म्हटलं, मी नाही हो माहेरी पळून जायची, मला पोहता येत नाही.

रोज संध्याकाळी फाटकाशी उभा राहून टेकडीकडे बघतो आणि म्हणतो, तेगवेन, हे पोराला मिळेल. नव्याचे नऊ दिवस, असं मी चिडवते. पण मलाही तेच हवंय. पोराने आमच्यासारखं दुसऱ्याच्या गोठ्याच्या माळ्यावर झोपू नये.

२८ जून

आज आमच्या मेंढ्यांची कातरणी. अंग नुसतं ठणकतंय, आणि मन त्याहून.

सकाळी सगळी शेजारची शेतं लोटली. पुरुषांनी कुत्री घेऊन टेकडी झाडून काढली, कळप वाड्यात आणला. बाकांवर कातरी चालू, आणि आम्ही बायका मटण-बटाट्याच्या हंड्यांपाशी घामाघूम. या दिवशी निवाडा करायचा मान इद्वलचा. इथे मेंढी कानावरून ओळखतात. आमची खूण म्हणजे उजव्या कानाचं टोक तिरकं कापलेलं. दुसऱ्याची खूण दिसली की ते जनावर संध्याकाळच्या आत मालकाच्या दारात पोचतं करायचं, मग त्याच्याशी सात पिढ्यांचं वैर का असेना. ज्याची खूण, त्याचं जनावर. मुळापासून अख्खा कान कापलेला चालत नाही. खूण पुसायला तसं चोर करतात, आणि चोराला एकाची दोन जनावरं परत करावी लागतात. ते तर बायबलातच लिहिलंय, म्हणे.

आता कोकरांना खुणा करायच्या. इद्वलने आमच्यातलं सगळ्यात देखणं कोकरू उचललं आणि खूण न करताच फाटकाबाहेर सोडायला निघाला. म्हणाला, दरवर्षी एक कोकरू टेकडीचं. कान कोरे ठेवून सोडायचं, टेकडी स्वतः खूण करते, डाव्या कानाला तीन खाचा. सगळ्यांनी ऐकून माना डोलावल्या, जणू दुधाचा भाव ऐकत होते.

गेथिन तापला. टेकडी काय मोजे विणणार आहे, असं म्हणाला. मीही आगीत तेल ओतलं. भर वाड्यात म्हटलं, पहिल्याच वर्षी आमचं चांगलं तेच का? गेथिनने कोकरू हिसकावलं. मी त्याचं डोकं गुडघ्यांत धरलं आणि त्याने आमची खूण केली.

वाड्यात कातरी थांबल्या. इद्वल रागावला नाही, हेच मला खटकलं. थकल्यासारखा म्हणाला, "तिला वाटा देत होतो, गेथिन, म्हणून ती निवडत नव्हती. आता ती निवडेल."

दुपारी मटण मागून मागून खाणारे सगळे चहा न पिताच गेले. हंडाभर मटण उरलंय. खा म्हणावं आता आठवडाभर.

२ जुलै

ते कोकरू सापडलं. फाटकावर. गजाला अडकवलेलं, कातडं पूर्ण सोललेलं, कान नाहीत. सोलणं इतकं सफाईचं की कुठे मांसाला ओरखडा नाही. आणि अजून धुगधुगी होती त्यात. गेथिनने मान मोडली आणि पुरलं.

तो म्हणतो, हे इद्वलचं काम. मी म्हटलं, मग जा आणि विचार. गेला नाही.

५ जुलै

दुपारी धुकं उतरलं. त्यातून शीळ आली, कुत्र्याला घालतात तशी, एक लांब आणि एक आखूड. गेथिन माझ्यासमोर बसून ताक पीत होता. मोत उठला आणि पळाला.

तासाभराने परत आला. डाव्या कानाला तीन खाचा. माझ्या हातची भाकरी हुंगली नाही, शेपटी हलवली नाही. फाटकाकडे तोंड करून बसला. पुन्हा शीळ झाली आणि तो गेला. मग वरून त्याचं केकाटणं. किती वेळ. मी कानांवर उशी दाबली, तरी पोटात ऐकू येत होतं.

आमचा मेंढाही वर मरून पडलाय. त्याचं गेथिन सांगत नाही, मीही विचारत नाही.

९ जुलै

गेथिन सकाळी मेंढ्या बघायला गेला. जाऊ नको म्हटलं होतं. शपथ घातली होती.

दुपारी खाली आला. कॉलर रक्ताने भिजलेली.

मी त्याचा डावा कान धुतला. धुताना खाचा मोजाव्या लागल्या नाहीत, तीन दिसतच होत्या.

तो म्हणाला दुखलं नाही. कुणीतरी त्याचं डोकं गुडघ्यांत धरलं होतं. घट्ट, पण मायेने, असं म्हणाला. मी त्या दिवशी कोकराचं धरलं होतं तसं.

मला भीती वाटते. सरळ लिहिते, फार भीती वाटते. उद्याच्या उद्या माहेरी जायचं. घर गेलं खड्ड्यात. गेथिन हो म्हणाला.

१० जुलै

नदीच्या पुलापर्यंत गेलो. तिथे त्याने घोडा थांबवला, लगाम माझ्या हातात दिला, उतरला आणि मागे चालू लागला. मी कोटाला धरलं. गेथिनने, ज्याने मला कधी बोट लावलं नाही, त्याने मुठीने तोंडावर मारलं. दात पडला. मागे वळून पाहिलंसुद्धा नाही.

मी गाडी वळवली. जाऊ शकले असते. नवरा आहे माझा तो.

फाटकाशी उभा होता. टेकडीकडे तोंड.

११ जुलै

दोर घेऊन खाटेला बांधलाय. मनगटं ओढून ओढून सोलली आहेत. बोलतो नीट, माझं नाव घेतो, बाळाचं विचारतो. फक्त शीळ आली की—

काल आली. आज दोनदा.

खूण आहे म्हणून तो तिचा. खूण नसेल तर? मोठी कातर दगडावर लावून ठेवली आहे. देवा, माझा हात थरथरू देऊ नको.

सायंकाळ. कापला. मुळापासून. पहिल्या दाबात निम्माच तुटला, कुरकुर आवाज झाला, दुसऱ्यांदा जोर लावावा लागला. तो गुरासारखा ओरडला आणि मग रडत म्हणाला, बरं केलंस तेगवेन, आता आवाज येत नाही. कान चुलीत टाकला. माझे हात कोपरापर्यंत लाल आहेत. झोपलाय. पहिल्यांदा शांत झोपलाय.

१२ जुलै

मार्गेद आली. फडकं बांधलेलं पाहिलं. काय केलंस, असं नुसतं ओठांनी म्हणाली. तिला वाटलं होतं मी रडेन, पण मी तिला हाकललं. तुमच्या टेकडीचा हक्क संपला, असं सांगितलं.

दारात थांबून म्हणाली, उद्या सगळे त्याला न्यायला येतील. वाईट वाटून घेऊ नको पोरी, आमच्या दारी तिचं जनावर निघालं असतं तरी हेच केलं असतं. ज्याची खूण—

मी तिच्या अंगावर दार आपटलं.

१३ जुलै

आले. काठ्या, कुत्री, रविवारच्या चॅपेलला घालतात ते काळे कोट. हीच माणसं माझ्या हातचं मटण मागून मागून खाणारी. कातर घेऊन मी दारात उभी राहिले. इद्वल पुढे आला. मी खुपसली, खांद्यात, मुठीपर्यंत. तो खाली बसला आणि हात वर करून बाकीच्यांना थांबवलं. मारू नका तिला, म्हणाला.

आत शीळ ऐकू गेली.

खाट मोडल्याचा आवाज. गेथिन बाहेर आला. दोर तुटला नव्हता. एका मनगटावर कातडं नव्हतंच, हाड दिसत होतं. तसाच तो हात ओढून सोडवला होता. माझ्याशेजारून गेला. मी पाय धरले, मला अंगणभर फरफटवलं त्याने. फाटक त्यांनीच उघडलं. टोप्या काढल्या सगळ्यांनी.

धुकं नव्हतं. लख्ख ऊन. वर पोचला, गुडघ्यांवर बसला आणि स्वतःच डोकं पुढे केलं. त्याच्यासमोर काही नव्हतं. गवत तेवढं दोन ठिकाणी दबलेलं. मग सदरा फाटावा तसा—

मार्गेदने माझं तोंड छातीशी दाबलं. मी तिचा हात चावला, रक्त आलं, पण तिने सोडलं नाही. आवाज मात्र ऐकलाच. कोकरू सोललं तेव्हाही हाच आला असेल. मार्गेद मला पाळण्यातल्या पोरासारखं थोपटत होती.

इद्वल भिंतीला टेकून पांढरा पडला होता. मी त्याला म्हटलं, झालं ना समाधान, घेतला ना तिने. तो माझ्याकडे बघेना.

"कान मुळापासून कापलास, पोरी," म्हणाला. "ती चोराची खूण. चोराकडून ती एकाचे दोन घेते."

१४ जुलै

दोन.

मी आणि तो? मग मला का नाही बोलावलं? शीळ मला तर नुसती ऐकू येते, पाय खेचत नाहीत.

मेंढा, मोत ते आधीचे. ते धरत नाहीत.

पोटात सारखी हालचाल. आधी इतकी नव्हती.

१५ जुलै

मार्गेदने गुपचूप भाकरी बांधून दिली. इद्वलला कळू न देता. जा, पूल ओलांड, मागे बघू नको, म्हणाली. माझ्या पोटावर हात ठेवला आणि चटका बसल्यासारखा काढला.

काय झालं विचारलं. म्हणाली पळ.

पूल. कठड्याला टेकून लिहिते. पुढे पाऊल टाकलं की पोटात कळ, सुरी फिरवल्यासारखी. मागे वळले की थांबते. तीनदा बघितलं करून. चौथ्यांदा रांगत गेले, अर्ध्या पुलापर्यंत. पायांवरून रक्त.

तिला मी नको आहे, पोटातलं हवं आहे. मी नाही शिकवलं याला काही. कोकरू आईकडून शिकतं, मी तर टेकडीवर कधी—

फाटकापर्यंतच गेले. रोज संध्याकाळी. त्याच्याबरोबर. हे पोराला मिळेल म्हणायचा.

शीळ.

आतून लाथ. दोन्ही पायांनी. दारावर मारतात तशी. गेथिन, तुझं पोर वाट ओळख—

नदी खोल आहे इथे. पोहता येत नाही मला. उडी मारली तर तिला एकही नाही मिळणार. कठड्यावर चढते आहे. हात लिहितोय, एक पाय कठड्यावर, फक्त दुसरा

दुसरा पाय मागे वळलाय. मी नाही वळवला. बाळा, नको, आईचं ऐक, बाळा इकडे