शेवटी हवाच ना ती!

प्रिय किबितोक,

प्रिय लिहिताना पेन अडलं. पण पाठचा भाऊ तू, दुसरं लिहू तरी काय? टाप्रांदिच आजीची काळी गाय काल खाटकाच्या गाडीत चढली. तीनदा मी भरवली, तीनदा उलटली, गाभ धरलाच नाही. मी गाडीजवळ गेले, तर म्हातारीने पाठ फिरवली. माझ्या हाताने तिच्या गोठ्यात पाच कालवडी जन्मल्या, रे!

बाईमाणूस वळूच्या बीजाच्या कांड्यांनी गायी भरवणार म्हणून सगळी टेकडी हसली होती, आठवतं? मग वासरं दिसायला लागली आणि तेच लोक ओट्यावर बसवून मुर्सिकचं आंबवलेलं दूध प्यायला द्यायला लागले. आता मी दिसले की फाटकाला कडी लागते. पलीकडच्या खोऱ्यातून भाड्याचा वळू आणतात मेले, पण मला हाक मारत नाहीत.

आणि म्हणतात काय, तर जिची स्वतःची कूस रिकामी, तिच्या हाताला फळ कुठून येणार! चर्चबाहेर, भर लोकांत म्हणाले. मी ऐकलं. तूही ऐकलंस, तिथेच होतास, नवी टोपी घालून. मला वाटलं, भाऊ आहे, एक तरी शब्द बोलेल. तू बुटाची नाडी बांधत बसलास. आई गेल्यावर मी नवऱ्याचं घर सोडून तुला वाढवायला आले होते, हे त्या लोकांना माहीत नाही. तुला तरी माहीत आहे ना?

मी माझ्याच हाताला दोष देत राहिले. रोज कांड्यांच्या टाकीत काठी बुडवून बघायचे. काठीवर पांढरं हिव धरलेलं, म्हणजे नायट्रोजन भरपूर, म्हणजे कांड्या बुडालेल्या. मग गायी उलटतात का? शेवटी परवा शहरातल्या केंद्रावर टाकी भरायला गेले, तर तिथला लिमो दात काढून म्हणतो, "काय गं जेलागत, भावाच्या लग्नातला धूर विरला की नाही? खडखडीत रिकामी टाकी आणली होती पठ्ठ्याने!"

तुझ्या बायकोच्या पायाशी तो पांढरा ढग लोळत होता ना, धुराचं यंत्र एल्डोरेटहून भाड्याने आणलंय म्हणालास. मी मूर्ख, सगळ्यांच्या पुढे उभी राहून टाळ्या वाजवत होते! माझीच टाकी गरम पाण्याच्या घमेल्यांत ओतलीस आणि सोमवारी गुपचूप भरून जागेवर ठेवलीस. लिमोकडून मी थेट तुझ्याकडे आले, तर वर तोंड करून म्हणतोस, "ताई, शेवटी हवाच ना ती! श्वासाबरोबर आपण पोटभर घेतोच की."

हो रे शहाण्या, हवाच. आपण घेतो ती बरीचशी तीच. ना वास, ना रंग, ना जळते, ना कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण तीच गोठवून पाणी केली की वळूचं बीज तिच्यात वर्षानुवर्षं जिवंत राहतं. एकदा कांडी वितळली की मेली. पुन्हा गोठवलीस तर दिसते तशीच, पण आत मढं. मी दारोदार मढी भरत फिरले, किबितोक, आणि वांझ मी ठरले!

आज संध्याकाळी तुझ्या बायकोच्या हाती निरोप आला. तांबडी माजावर आलीय, नव्याने आणलेल्यातली चांगली कांडी घेऊन ये, पण मागच्या वाटेने ये, लोक बघतील. लाज कशी वाटली नाही रे तुला? तिच्याच हाती हे उत्तर पाठवतेय. मी सकाळी येईन, पण पुढच्या फाटकाने, दुधाची गाडी तुझ्या दाराशी उभी असते तेव्हा. सगळी टेकडी कॅन घेऊन रांगेत असेल, टाप्रांदिच आजीही असेल. तू बाहेर यायचं आणि धूर कुठून आला होता ते मोठ्याने सांगायचं. तोवर मी गायीला हात लावणार नाही. माज दुपारपर्यंत टिकेल. तुझी वाट मी तेवढीच बघेन.

रागावलेली, तरी तुझीच,
जेलागत ताई