आबांनी जाळलेलं मोहोळ

आबा, आम्हाला भवानीनगरला खोली मिळाली त्या वर्षी मी पोरीला घेऊन काटेवाडीला आले होते, तेव्हाचं हे. विहिरीजवळच्या चिंचेवर आग्यामोहोळ होतं. पोरगी खाली खेळत असताना माश्या उठल्या आणि तिचा चेहरा ओळखू येईना इतका सुजला. बारामतीचे डॉक्टर ती वाचेल म्हणेपर्यंत तुम्ही दवाखान्याच्या पायरीवर उभेच होतात. परतताना गाडीत मी म्हणाले, "ते मोहोळ राहिलं तर मी पुन्हा माहेरी येणार नाही." तुम्ही एवढंच म्हणालात, "त्यांनी काय केलंय गं? कुणी तरी दगड मारला आसंल." पण संध्याकाळी पलिते पेटवलेत. चिंचेवरचं मोहोळ जाळलंत, मग बांधावरच्या झुडपांतली लहान पोळीही.

पुढच्या साली शेजारच्या मळ्यांत कापसावर औषधाची भुकटी मारायला लागले आणि उरल्यासुरल्या माश्याही गेल्या. भोपळ्याचे वेल फुलांनी भरायचे, पण फुलामागचं गोटीएवढं फळ पिवळं पडून गळायचं. मी दिवाळीला आले, तर सकाळीच तुम्ही वेलांत वाकलेले. नराचं फूल तोडता, पाकळ्या काढता आणि मादीच्या फुलात हलकेच फिरवता.

"हे काय करताय आबा?"

"माश्यांचं काम. कुणी तरी कराया पायजे." कंबर धरून तुम्ही सरळ झालात आणि बांधाकडं पाहिलंत. "भोपळ्याचं मी करंन. त्या तरवडाला कोण पुरं पडणार? फुलतोय, पर शेंगा धरंना. बीच न्हाय पडलं तर जुनी झाडं वाळली की संपलं."

तसंच झालं. तरवड एकेक करून वाळला, त्याच्या जागी नवं रोप उगवलं नाही. कर्टुलीचे वेल दिसेनासे झाले. बांधावर नुसतं गवत उरलं. तुम्ही मला कधी बोलला नाहीत. उलट निघताना चांगलासा भोपळा माझ्याच पिशवीत घालायचात. शेजारणींना मी सांगायचे, आमच्या आबांच्या हाताला गुण हाय. त्या कौतुक करायच्या आणि मी ऐकून घ्यायचे.

हे वाचायला तुम्ही नाही, म्हणूनच लिहिता येतंय. तुम्ही गेल्यावर शेती दादाकडं आली आणि पहिल्याच हंगामात त्यानं विचारलं, "आबा त्या फुलांचं कसं करायचे गं? तू बघितलंयस. मला दाव." दाखवायचं तर माश्या कुणापायी गेल्या तेही निघालं असतं. मी म्हणाले, आता आठवत नाही. त्यानं भोपळा मोडून तिथं ऊस लावला.

आठवत होतं, आबा.