मामा, तुमच्या नावावर बत्तीस हिरव्या खुणा

वडसा, शनिवार सकाळ

तीर्थरूप मुखरूमामांच्या पायांवर भाची दिव्यानीचं डोकं. तुमचा गुडघा काय म्हणतो? मामीचा खोकला गेला असेलच. तुमचा फोन नेहमीसारखा बंद, म्हणून पत्र.

मामा, मी आनंदानं नुसती नाचतेय! (दोनदा खुर्चीवरून पडले, ते वेगळं.) इंदुताईंच्या नाटक कंपनीची वेबसाइट मी बनवली, हे आईनं सांगितलंच असेल. गावोगावच्या मंडळांनी घरबसल्या नाटक बुक करायचं. ताईंची अट एकच: पहिलं बुकिंग सुरळीत पार पडलं, तर सगळा हंगाम वेबसाइटवर, नाहीतर त्यांची जुनी वही पुन्हा बाहेर आणि मी घरी. आता प्रत्येक बदलानंतर सगळी बटणं हातानं कोण दाबून बघणार? म्हणून मी एक टेस्ट, म्हणजे तपासणी करणारा प्रोग्राम लिहिला. तो आपणहून वेबसाइट उघडतो, गाव भरतो, दुसऱ्या दिवसाची तारीख घेतो, नाटक बुक करतो, प्रत्येक पायरी बरोबर झाली की एक हिरवी खूण दाखवतो आणि शेवटी बुकिंग रद्द करून मागचं आवरूनही ठेवतो. (आमच्या कंपनीतल्या अजयला स्वतःचा चहाचा कप उचलणं जमत नाही.)

त्यात यजमान म्हणून कुणाचं तरी नाव लागत होतं. मी तुमचं घातलं. पंचक्रोशीतली सगळी नाटकं पाहून आपल्या गावात एकही न ठेवणारा माणूस दुसरा कोण? काल प्रोग्राम चालवला आणि मामा, एकामागून एक बत्तीस हिरव्या खुणा! मी अशी ओरडले की तबलजी तालीम सोडून धावत आले.

चूक एवढीच, की तो वेबसाइटच्या नकलेवर चालवायचा असतो. मी खऱ्या वेबसाइटवर चालवला. ताईंच्या फोनवर मेसेज गेला आणि त्यांनी रिवाजाप्रमाणे लगेच रंगदेवतेपुढे नारळ फोडला. मिनिटभरात प्रोग्रामनं बुकिंग रद्दही केलं, पण ताई कुठल्या ऐकतात! "पोरी, नारळ फुटला ना? आता तारीख मोडाची नाई. तुह्या प्रोग्रामले म्हण, फुटला नारळ जोडून दाखव!" (त्याची टेस्ट मी लिहिलेली नव्हती.)

मामीला नमस्कार, चिल्ल्यापिल्ल्यांना पापे.

तुमची लाडकी (अजून तरी)
दिव्यानी

ता. क. म्हणजे ते पहिलं बुकिंग तुमचंच, आणि तारीख आजची. स्टेजसाठी धान कापलेली एक मोकळी बांधी, आमच्या चाळीस माणसांचं जेवण आणि गावभर दवंडी, एवढं संध्याकाळपर्यंत बघाल ना? माझी नोकरी तुमच्या हातात आहे.

ता. क. २. नाही म्हणायचं असेल तर पत्र आणणाऱ्या माणसाला तोंडावर सांगा. तो आमचा खलनायक आहे. स्टेजचा ट्रक त्यानं तुमच्या दाराशी लावला असेलच.