एका मिनिटापुरते टायर

ती. ताईस,

तुझ्या धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे खरोखर वाकून. एकतीस वर्षं दुकानात चाकांपुढे वाकतो आहे, त्यामुळे तुझ्यासाठी वेगळे कष्ट पडत नाहीत.) तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींचा खोकला गेला, की त्यांनीच त्याला मुक्कामाला ठेवून घेतलंय? इकडे सगळे ठीक. गेल्या रविवारपासून माझी मान जरा ताठ आहे, पण ही म्हणते तसं ते उशीमुळे नाही. माझी धाकटी लेक गाड्यांची शर्यत जिंकली. फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू मध्ये मध्ये प्रश्न विचारतेस आणि मला हे सलग सांगायचं आहे.

शर्यत म्हणजे दहा गाड्या एकमेकींच्या मागे लागतात तसली नव्हे. बंद पडलेल्या धावपट्टीवर नारिंगी शंकू मांडतात, त्यांतून नागमोडी वाट असते, आणि एका वेळी एकच गाडी सुटते. सामना घड्याळाशी. वळणं अकरा, वेळ जेमतेम एक मिनिट, शंकू पाडला की दोन सेकंद दंड. तीन फेऱ्या मिळतात, त्यांतली सर्वांत चांगली धरतात. आता दिवसभर लोकांच्या दाढा कोरणाऱ्या मुलीला सुट्टीच्या दिवशी हे का सुचावं, ते मला विचारू नकोस. (तिच्या आईला विचार. तिचं उत्तर तयार असतं, आणि त्यात माझं नाव असतं.)

गेल्या वर्षी मी तिच्या गाडीला दुकानातले सर्वांत भारी टायर बसवून दिले होते. सत्तर हजार किलोमीटर चालणारे. शेवटच्या वळणावर गाडी अशी घसरली की ती आडवीच रेघेपलीकडे गेली. तिथे एक गॅरेजवाला आहे, दरवर्षी जिंकणारा. तो हसत म्हणाला, टायरवाल्याची मुलगी टायरमुळेच हरली. माणूस वाईट नाही, पण ते वाक्य माझ्या पोटात वर्षभर बसून राहिलं.

म्हणून यंदा धाकटी दुकानात आली तेव्हा मी आधीच छाती काढून बसलो होतो. मी तिला आणखी टिकाऊ माल दाखवायला घेतला. तिने ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाली, "बाबा, मला टिकणारे नकोत. मला एक मिनिट चिकटणारे हवेत."

ताई, मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. जन्मभर ज्या गोष्टीची शपथ घेऊन माल विकला, तीच पोरीला नको होती. मग तिसऱ्या दिवशी माझ्यातला दुकानदार जागा झाला. टायरच्या बाजूवर झिजेचा एक आकडा कोरलेला असतो. आकडा लहान तितकं रबर मऊ, आणि मऊ तितकं ते रस्त्याला धरतं. एवढं मला ठाऊक होतंच. तेव्हा मी सर्वांत लहान आकड्याचे, जवळजवळ गुळगुळीत टायर मागवले. (गिऱ्हाइकाचा टायर गुळगुळीत दिसला की मी त्याला त्याच्या बायकामुलांची आठवण करून देतो. आता मीच कारखान्यातून नवाकोरा टकला माल आणवला.) नख रुतवलं तर खूण राहायची, इतके मऊ. धाकटीने मात्र स्वतः वाचून, चौकशी करून दुसरेच निवडले होते, थोडी नक्षी असलेले, माझ्या टायरांपेक्षा जरा कडक. मी म्हटलं, पकड माझ्याच टायरला जास्त. ती म्हणाली, सरावाच्या दिवशी दोन्ही लावू, घड्याळ काय म्हणतं ते बघू.

सरावाच्या आदल्या संध्याकाळी मी एक चूक केली. आमच्या दुकानातून कुठलाही टायर चमकवल्याशिवाय बाहेर पडत नाही. त्या नियमाने मी माझे चारही टायर पॉलिश लावून पुसले, आणि पोरीची शर्यत म्हणून बाजूंवर थांबलो नाही. जिथे टायर रस्त्याला टेकतो तिथेही दोन हात मारले. आरसा झाला होता, ताई.

सकाळी पहिल्याच वळणावर गाडी भोवऱ्यासारखी फिरली, तीन शंकू घेऊन गेली आणि वेळ मोजणाऱ्या गृहस्थांच्या खुर्चीपासून हातभर अंतरावर थांबली. गृहस्थ सत्तरीचे आहेत, पण त्या क्षणी खुर्चीत नव्हते. कुठून कुठे गेले ते कुणालाच दिसलं नाही. धाकटी खाली उतरली, टायरवरून बोट फिरवलं, वास घेतला. "पॉलिश?" एवढंच म्हणाली. दाढ किडलेल्या माणसाला ती "गोड?" म्हणून विचारते, अगदी त्या आवाजात. नंतर तासभर मी एका गुडघ्यावर बसून चारही चाकं घासत होतो, आणि गॅरेजवाला लांबून चहा पीत बघत होता.

स्वच्छ झाल्यावर माझ्या टायरांवर पहिली फेरी बावन्न सेकंदांची झाली. लगेच दुसरी मारली, एक्कावन्न. लगेच तिसरी, साडेपन्नास. मी विजयी मुद्रेने तिच्याकडे पाहिलं. तिने मला रांग दाखवली. शर्यतीत एक फेरी झाली की वीस मिनिटं रांगेत उभं राहायचं असतं, तोवर टायर गार, आणि माझे तर तापल्यावरच धरत होते. तेव्हा मी गाडीतून घरच्या चार दुलया काढल्या आणि चाकांना गुंडाळल्या. व्यवस्थापक आले, नियमांची वही उघडून त्यांनी बोट ठेवलं, दुलया परत गाडीत गेल्या. (तुझ्या भावजयीला यातलं काही कळवू नकोस. तिला वाटतंय दुलया धोब्याकडे आहेत.)

मग तिचे टायर लावले. गारच. पहिल्याच फेरीला एकोणपन्नास पूर्णांक आठ. मी घड्याळ तपासायला सांगितलं. पुन्हा वीस मिनिटं थांबून फेरी झाली, पुन्हा तेच. ती माझ्याशेजारी येऊन टेकली आणि म्हणाली, "तुमचे टायर चांगलेच आहेत, बाबा. फक्त ते ओळख झाल्यावर बोलायला लागतात. इथे ओळख व्हायला वेळ नाही."

पकड किती हे मला एकतीस वर्षं कळत होतं. पकड कितव्या सेकंदाला येते, हे पोरीने शिकवलं. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

शर्यतीच्या दिवशी मी लांबच उभा राहणार होतो. तिनेच हाक मारली. "हवा तुम्हीच बघा. तुमच्यासारखी कुणाला जमत नाही." मी टायरच्या कडेला खडूने रेघा ओढल्या. फेरीनंतर खडू किती पुसला गेला, त्यावरून वळणावर टायर किती कलंडतो ते कळतं. पहिल्या फेरीनंतर रेघा पार पुसलेल्या. पुढच्या चाकांत थोडी हवा भरली. दुसरीनंतरही जरा जास्तच पुसलेल्या, पुन्हा किंचित भरली. तिसऱ्या फेरीआधी गॅरेजवाला अठ्ठेचाळीस पूर्णांक चाळीसवर पहिला होता. तिची फेरी मी पाहिली नाही. मी जमिनीकडे बघत टायरचा आवाज ऐकत होतो. अकराही वळणांवर तो एकसारखा, दबका होता, कुठेही किंकाळला नाही. तेव्हाच मला कळलं. अठ्ठेचाळीस पूर्णांक एकतीस. नऊ शतांश सेकंद, ताई. एवढ्यात तुझा एक "हं" सुद्धा पुरा होत नाही.

गॅरेजवाला आला, वाकून टायर पाहिले, मग माझा हात हातात घेऊन विचारलं, हवा किती ठेवली होती? मी सांगितलं नाही. बक्षिसाच्या वेळी तिचा अर्ज मोठ्याने वाचला. त्यात गाडीची तयारी कुणी केली, असा एक रकाना असतो. तिथे तिने लिहिलं होतं: बाबा. मान तेव्हापासून ताठ आहे.

भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. गुडघ्याला जप.

तुझा,
धाकटा

ता. क. तुमच्या शेडमध्ये भाऊजींची ती छोटी लाल गाडी झाकून ठेवली आहे. गाडी हलकी आणि आखूड, नागमोडी वाटेला फार चांगली. पुढच्या महिन्यात पन्नाशीच्या पुढच्यांसाठी वेगळी शर्यत आहे आणि एकाने त्यात नाव दिलं आहे. घरी अजून माहीत नाही. गाडी महिनाभर मिळेल का, ते भाऊजींचा मूड बघून विचार.

ता. ता. क. टायरचं माप कळवायची तसदी घेऊ नका. मागे तुमच्याकडे आलो होतो तेव्हा, तू चहा टाकायला आत गेलीस आणि मी शेडमध्ये जाऊन माप घेतलं. टायर परवाच आले.