काळ्या मातीचा बंकर

१० नोव्हेंबर २०२४, रविवार

जिंकले! मिनाजला हरवलं – गोल्फमध्ये! लोहाऱ्यात कुणाला सांगितलं तर खरं वाटायचं नाही.

पण खरा आनंद घरी आल्यावर. वेणी घालताना लक्षात आलं – उजवा हात सरळ डोक्यामागं गेला! ऑपरेशननंतर हाच हात खांद्याच्या वर जात नव्हता. छातीचा कॅन्सर म्हटल्यावर शाळेतल्या बायका यायच्या, रडायच्या, चहा पिऊन जायच्या. मिनाज आली ती गोल्फची स्टिक घेऊन. मी मराठी शिकवायचे, ती पीटी. शाळेला कधीतरी गोल्फचं सामान आलं होतं, ते तिच्याशिवाय कुणी उघडलंसुद्धा नव्हतं. ‘हात वर जात न्हाय ना? मग खालून सुरू कर,’ म्हणाली.

देवा शिवा, हिचे उपकार मी कुठं ठेवू?

१२ नोव्हेंबर, मंगळवार

गावाबाहेर बंद सूतगिरणीच्या मागं साहेब लोकांनी कधीकाळी गोल्फचे सहा होल केले होते. आता तिथं शेळ्या चरतात. राखणदार पंचाक्षरी फाटक उघडतो आणि आम्हाला बघून रोज नव्यानं हसतो.

बंकरची, म्हणजे बॉल अडकवायच्या वाळूच्या खड्ड्यांची, तर दशा! वाळू कधीच संपली, उरली ती क्रशरची पांढरी कच, दगडाचा चुरा. तीत चुनखडीचे खडे, लेंड्या, बाभळीचे काटे. पण मिनाजचे नियम कडक. खडे-काटे उचलायला मुभा. मारायच्या आधी बॉलमागं स्टिक टेकवली की दंड! आणि खेळून झालं की दाताळ्यानं आपली पावलं बुजवायची. ‘मागनं येणाऱ्याला आपल्या खड्ड्याचा ताप कशाला?’ मागून शेळ्याच येणार! तरी ती बुजवते. मलाही सवय लागली. आवडते मला ती सवय.

आज तिचा बॉल बंकरमध्ये छान वर बसला होता, मी शेजारीच उभी होते. आणि ही म्हणते, ‘अनप्लेएबल.’ म्हणजे इथून मारता येत नाही. दंडाचा एक फटका घेतला, बॉल उचलला, दोन स्टिकांच्या अंतरात गुडघ्याच्या उंचीवरून सोडला. म्हटलं, अगं, चांगला तर होता!

‘ते ज्याचं त्यानं ठरवायचं. दुसऱ्यानं विचारायचं न्हाय. नियम हाय.’

बरं बाई.

पण फाटकापाशी म्हणाली, ‘संक्रांतीनंतर बंद करू गं हे.’ का, ते सांगेना. हे बंद झालं तर मी परत त्या खाटेवर!

१६ नोव्हेंबर, शनिवार

आज प्रत्येक बंकरमध्ये अनप्लेएबल. मी जिंकतेय, जिंकतेय, आणि मला त्यात काडीची मजा येत नाहीय. पुढच्या महिन्यात सोलापूरला माझी तपासणी. म्हणून मला जिंकवते का? दया करते? शेवटी तोंडातून गेलंच – ‘आजारी बाईला जिंकवतीस व्हय गं?’

ती म्हणाली, ‘येडी हायेस तू, भुवना.’ आणि पावलं बुजवायला लागली. दाताळं उलटं धरलं होतं – दात आभाळाकडं! रागातही हसू आलं मला.

१७ नोव्हेंबर

फोन केला नाही. तिनंही नाही. अख्खा रविवार वाया.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

सगळं नीट क्रमानं लिहिते.

सकाळी मीच गेले. तीही आलेली. कालपरवाचं कुणीच काढलं नाही. चौथ्या होलवर तिचा बॉल बंकरमध्ये गेला. मी अलीकडं, बाभळीखाली. ती बंकरमध्ये उतरली, इकडंतिकडं फिरली. बॉल तिच्या डाव्या बाजूला, उघड्यावर, मला एवढ्या लांबून दिसत होता. ती त्याच्या अंगावरून पुढं गेली. वाकली. चुनखडीचा एक खडा उचलला. ‘अनप्लेएबल!’ म्हणून मोठ्यानं सांगितलं.

मग बोटांनी तो खडा चाचपला. थांबली. माझ्या बाजूला तोंड केलं – पण माझ्याकडं नाही, जरा भलतीकडंच. खडा खिशात टाकला, खिशातला दुसरा बॉल काढला आणि पायाशी सोडला.

तिला दिसत नाही! पांढऱ्या कचीत पांढरा बॉल तिला दिसतच नाही. आपल्या हातानं सोडला की निदान कुठं पडला ते कळतं, एवढ्यासाठी ती दंड भरत होती. आणि मी काय म्हटलं तिला शनिवारी!

खरा बॉल नंतर गुपचूप उचलून आणला. समोर ठेवलाय.

२० नोव्हेंबर

मतदान. खेळ नाही. दोघींच्या बोटाला शाई. रांगेत तिनं माझा दंड धरला होता – म्हणे गर्दी आहे. गर्दी कुठली!

२१ नोव्हेंबर, गुरुवार

समृद्धीच्या – आमच्या सुनेच्या – नेलपॉलिशनं बॉल लालभडक रंगवून नेले. तिनं आधी डोळे वटारले, मग स्वतःच रंगवायला बसली. म्हटलं, ‘गंमत म्हणून घे गं.’

मिनाजनं हातात घेतले, वास घेतला, परत दिले. ‘मला पांढराच बरा.’ कळलं. लाल बॉल घेतला तर कबूल करावं लागेल. शाळेत शंभर पोरांतून खोडी काढणारा नेमका हुडकणारी बाई ही. तिला लाज वाटू द्यायची नाही मला.

बॉल बदलता येत नसेल, तर खालची जमीन बदलू.

२४ नोव्हेंबर, रविवार

आमच्या रानातली काळी माती! छोटा हत्ती टेम्पोत भरून नेली. गौरीशंकर – आमचे हे – स्टिअरिंगवर बसून हसत होते. ‘लोक गाळ आणून रानात टाकतात, आमची बाई रानातली माती नेऊन खड्ड्यात टाकती!’ हसले, पण कपडे खराब होईपर्यंत फावडंही मारलं. चांगला माणूस आहे. त्यांना हे मी कधी सांगत नाही, म्हणून इथं लिहून ठेवते.

पंचाक्षरीनं आधी हटकलं. ‘बाई, आता इथं हरभरा पेरणार काय?’ मिनाजचं सांगितलं तसा घमेलं उचलायला आला. मीही उचललं. डोक्यावर! जो हात वर जात नव्हता, त्याच हातानं. त्या हातावर कुणाचं देणं आहे ते मला ठाऊक आहे.

ढेकळं फोडली, काटे वेचले, दाताळं फिरवलं. चौथा बंकर काळाभोर झाला. पांढरा बॉल ठेवून पाहिला – काळ्या पाटीवर खडूचा ठिपका!

२६ नोव्हेंबर, मंगळवार

आज देवाकडं काही मागायचं उरलं नाही.

चौथ्या होलवर तिचा बॉल नेमका काळ्या मातीत. ती उतरली. पायाखाली मऊ लागलं तशी थबकली. खाली वाकून चिमूट घेतली, चोळली.

‘ही कुणी टाकली?’

‘मला काय माहीत? पंचाक्षरीनं टाकली असंल.’

‘बंकरात वाळू पायजे. पुस्तकात वाळू लिहिलीय.’

‘मग तक्रार कर जा!’

मी जवळ जाऊन उभी राहिले. वाटलं, आता म्हणेल अनप्लेएबल... नाही म्हणाली! पाय हळूहळू सरकवले, उभी राहिली, स्टिक उचलली. मारला! निम्मी माती माझ्या तोंडावर, पण बॉल बाहेर! मी पोरीगत ओरडले. पंचाक्षरीनं फाटकावरून टाळ्या वाजवल्या.

मिनाज खूप वेळ दाताळं फिरवत राहिली. येताना माझा हात धरून चालली. संक्रांतीचं नाव नाही काढलं.

दिसलं तिला! माझ्या मातीवर दिसलं!

२८ नोव्हेंबर, गुरुवार

दिसलं नव्हतं.

आज बाभळीखाली बसून तिनं स्वतःच सांगितलं. मधोमध सगळं पुसल्यासारखं. कडेकडेचं तेवढं दिसतं. डॉक्टर म्हणाले, परत यायचं नाही. काळी काय, पांढरी काय.

‘मग परवा मारलास कसा?’

‘तू श्वास धरला व्हतास. म्हटलं, पायाशीच हाय. आन् एवढी माती वाहिलीस तू, भुवना. तिथं अनप्लेएबल म्हणायला तोंड हाय का मला?’

खूप रडलो दोघी. मग मी मोबाईल काढला. तिचं नियमांचं पुस्तक जुनं. नवे नियम हुडकले. आहे! ज्याला दिसत नाही त्यानं सोबती घ्यावा. सोबत्यानं बॉल दाखवावा, स्टिक मागं लावून द्यावी. बंकरमध्ये टेकली तरी दंड नाही.

मोठ्यानं वाचलं. ती डोळे मिटून ऐकत होती.

‘परत वाच,’ म्हणाली.

परत वाचलं.