तीन लाल ठिपके

३ फेब्रुवारी

दोन महासागरांचा नकाशा झाला एकदाचा! आमची जहाजं म्हणजे निळे ठिपके, पलीकडच्यांची लाल. बारा वर्षं मी या कार्यालयात ठिपकेच काढतेय — देशाची सुरक्षा माझ्या माऊसच्या टोकावर! साहेब चष्मा पुसून म्हणाले, "बाई, हा खालचा समुद्र फारच मोकळा दिसतोय हो. उद्या मंत्र्यांना धोका जाणवायला हवा." म्हटलं, पण तिथे कुणी नाहीच. "मी जाणवायला म्हणालो. असायला नाही."

शर्टाला बटणं लावावीत तसे तीन लाल ठिपके लावून दिले.

४ फेब्रुवारी

बैठक झकास. दोन तज्ज्ञांनी तर माझ्या ठिपक्यांमागचा पलीकडच्यांचा डावही ओळखला!

७ फेब्रुवारी

चिरंजीवांचा फोन. नौदलात गेल्यापासून आईसाठी एकच शब्द उरलाय, "जेवलो." आज मात्र तोंडाचा पट्टा सुरू. "अगं, आमचं जहाज निघालंय! खाली समुद्रात त्यांची तीन जहाजं आलीत म्हणे. ती शोधायची."

खाली कुठे, ते विचारलं. माझ्याच ठिपक्यांची जागा!

८ फेब्रुवारी

साहेबांना म्हटलं, ते ठिपके मागे घ्या, माझा मुलगा निघालाय तिकडे. "आता कसे घेणार? मंत्र्यांनी भाषणात वापरले." अहो, पण तिथे काही नाही! "मग घाबरता कशाला? हवा खाऊन येईल पोरगा."

थोडं बरंही वाटलं, खोटं कशाला सांगू. नसलेली जहाजं काय करणार त्याला?

११ फेब्रुवारी

फोन नाही. पलीकडचे खवळलेत — तुमचं लढाऊ जहाज इथे विनाकारण का फिरतंय? आम्हीही आमची पाठवतो! विनाकारण म्हणे. कारण माझ्या कॉम्प्युटरमध्ये आहे, या बघायला.

दिवसभर फोन उलटासुलटा करून पाहिला. चार्जिंग आहे, रेंज आहे, सगळं आहे.

१३ फेब्रुवारी

उपग्रहाचा फोटो आला. माझ्या ठिपक्यांच्या जागी तीन जहाजं. खरीखुरी. साहेबांनी सगळ्यांदेखत शाबासकी दिली, "बघा, बाईंचा अंदाज किती अचूक!"

त्या तिन्हींसमोर आमचं एकच जहाज. त्याचा निळा ठिपका तेवढा नकाशावर काढायचा राहिलाय. माझा हात चालत नाही.